बेळगावचं आमचं गॅरेज आणि न दिसणारा धूर



बेळगावकरांनी इथं कुंद्यावर लिहिलं, तालमींवर लिहिलं, पावसावर तर दर जूनमध्ये कुणीतरी लिहितंच. गॅरेजवर मात्र अजून कुणी लिहिलेलं माझ्या बघण्यात नाही. म्हणून आज मी लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझा जन्म १९६८ चा. आमचं गॅरेज खानापूर रोडवरून उद्यमबागेकडं जाताना आतल्या गल्लीत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते १९७१ मध्ये काढलं. पत्र्याची शेड, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर पाने टांगायला खिळे, आणि कोपऱ्यात रॉकेलच्या ट्रेमध्ये कायम काहीतरी भिजत पडलेलं. लेथचं काम निघालं की सायकलला डोकं किंवा शाफ्ट बांधून उद्यमबागेत न्यायचं. तिथं फाउंड्र्या आणि मशीनशॉप इतके, की लागेल तो माणूस सापडायचा. बिलं मराठीत, अर्धं गिऱ्हाईक कन्नड, डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा दखनीत बोलायचे. कोण कुठल्या भाषेत शिव्या घालतोय यावरून काय बिघडलंय ते कळायचं, असं आई म्हणायची.

फियाट आणि अँबेसिडरच्या जमान्यात मेकॅनिकचं मीटर म्हणजे नाक, कान आणि डोळे. अप्पा मोठा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचे. प्लग काढला की आधी त्याचा रंग बघायचे. टोक कॉफीसारखं तपकिरी असलं तर इंजिन सुखात आहे. काळी कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जळतंय. पांढरं फटक पडलं असलं तर हवा जास्त, इंजिन तापतंय. आणि काळं तेलकट असलं तर रिंगा किंवा वॉल्व्हचे सील गेले. सायलेन्सरचंही तसंच. काळा धूर पेट्रोलचा, निळा ऑइलचा, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट बघा. हे मी शाळेत पाढ्यांच्या बरोबरीनं शिकले.

आणखी एक गोष्ट अप्पांकडून कळली, ती कुठल्या पुस्तकात बेळगावसाठी लिहिलेली नव्हती. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. इथली हवा गोव्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्बोरेटरला हे काही समजत नाही, तो आपला जेटमधून ठरल्याप्रमाणं पेट्रोल सोडत राहतो. त्यामुळं पणजीत ट्युनिंग केलेली गाडी चोर्ला घाट चढून वर आली की पेट्रोल जास्त खायची आणि काळं ओकायची. बेळगावात सेट केलेली खाली गेली की उलट, हवा दाट आणि पेट्रोल कमी. म्हणून अप्पा गाडी घेताना पहिला प्रश्न विचारायचे, "गाडी जास्त कुठं फिरायलीय?" लोकांना वाटायचं, म्हातारा चौकश्या करतोय.

आता मूळ गोष्टीकडं येते.

जुलै १९९१. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, तिरका येतो आणि चार-चार दिवस थांबत नाही. पाणी आत येतंय म्हणून शटर अर्ध्याच्या खाली ओढलेलं. आत एका गाडीचं ट्युनिंग चाललेलं, इंजिन आयडलिंगवर. बैलहोंगलकडचा एक पोरगा आमच्याकडं हेल्पर होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. तो सायलेन्सरच्या बाजूला बसून चाकाचं काम करत होता. मध्येच म्हणाला, "अण्णा, तली नोयाकत्तैती." डोकं दुखतंय. अप्पा म्हणाले, चहा पिऊन ये. तो उठला आणि दोन पावलांत खाली कोसळला.

मी त्या दिवशी अप्पांचा डबा घेऊन आले होते. आम्ही दोघांनी त्याला ओढत बाहेर पावसात नेलं. पाच-सात मिनिटांनी त्यानं डोळे उघडले, उलटी केली. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. पोरगा वाचला, पुढं बरीच वर्षं आमच्याकडं टिकला.

अप्पांना जे लागलं ते वेगळं. ते म्हणत राहिले, "धूर नव्हता गं. मी बघितलं की. सायलेन्सर स्वच्छ होता." वीस वर्षं धुराचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगणाऱ्या माणसाला न दिसलेला धूर. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो, मग ऑक्सिजनला जागाच राहत नाही. आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाडीच्या धुरात तो तीन-चार टक्के असणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी पत्र्याला भोक पाडून एक जाड पाइप बाहेर काढला. त्यानंतर शेडमध्ये इंजिन चालू करायचं तर सायलेन्सरला तो पाइप लावूनच. गिऱ्हाईक हसायचं. अप्पा पाइप लावायचेच.

त्याच सुमाराला पीयूसी आली. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत धुराची मर्यादा ठरली होती, चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडं लोकांनी त्यावरही उपाय काढला. तपासणीच्या आधी मिक्श्चरचा स्क्रू आत घ्यायचा, कागद मिळवायचा, आणि येताना परत स्क्रू बाहेर काढायचा, कारण नाहीतर पिकअप मिळत नाही. आमच्याकडं कुणी असं सांगितलं की अप्पा म्हणायचे, "स्क्रू फिरवतो की. पण आधी एअर फिल्टर दाखवा." दहापैकी सहा गाड्यांत फिल्टर धुळीनं गच्च भरलेला असायचा. फिल्टर, प्लग आणि पॉइंट ठीक केले की गाडी पीयूसीत पास व्हायची आणि पिकअपही राहायचा. दोन्हीत भांडण नव्हतंच. भांडण होतं आळसाशी.

मग आमचे वाईट दिवस आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल सुरू झालं आणि हळूहळू एमपीएफआयच्या गाड्या वाढल्या. कार्बोरेटर गेला. पॉइंट गेले. फिरवायला स्क्रूच राहिला नाही. बॉनेट उघडलं की वायरींचं जाळं आणि एक बंद डबा, ज्याला लोक 'कॉम्प्युटर' म्हणायचे. अप्पा बासष्ट वर्षांचे होते. लोक गाडी आणायचे, अप्पा बराच वेळ बघत बसायचे आणि म्हणायचे, "शोरूमला न्या." रोज एक गाडी परत जायची. तिसऱ्या वर्षी आईनं मला फोन करून सांगितलं, महिनाभरात शटर फक्त अकरा दिवस उघडलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पॅनेलच्या विभागात नोकरी होती. २००३ मध्ये ती सोडली आणि गॅरेजमध्ये आले. नातेवाईकांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पत्रे बदलायला साठवलेल्या पैशांतून स्कॅनर घेतला. शेड आणखी दोन पावसाळे गळत राहिली.

अप्पांना सगळं नव्यानं समजावून सांगायचं होतं, आणि त्यांना 'कॉम्प्युटर करतो' हे उत्तर चालत नव्हतं. मग एका रविवारी एका भंगारातल्या गाडीचा सायलेन्सरच्या पुढचा डबा आम्ही कापून उघडला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत चिनीमातीसारख्या मालाचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं, हजारो बारीक भोकं. त्या भोकांच्या आतून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर. धूर त्यातून जातो. डबा साधारण ३०० अंशांच्या वर तापला की कामाला लागतो. न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या विषारी वायूंचा साधा नायट्रोजन होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड. शिसं असलं तर ते या धातूंवर बसतं आणि डबा मरतो, म्हणून पेट्रोलमधलं शिसं जाणं गरजेचं होतं.

अप्पा हातातला तुकडा उजेडात धरून त्यातून बघत होते. म्हणाले, "काय सांगायलीस? त्या दिवशी पोराला पाडलं, तो वायू हा डबा खातो?"

मी म्हटलं, "हो अप्पा. इंजिन नीट चालत असलं तर जवळजवळ सगळा."

त्यावर ते काही बोलले नाहीत. तो तुकडा मात्र त्यांनी पाण्यानं धुऊन देवाच्या फळीखालच्या कपाटात ठेवला. तो अजून तिथंच आहे.

यानंतर आमच्या गॅरेजमध्ये एक नियम झाला. कन्व्हर्टर फोडायचा नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा धंदा सगळीकडं चालतो. गाडीला दम नाही म्हटलं की डबा काढायचा, आतलं पोळं पहारीनं फोडायचं, रिकामा डबा परत बसवायचा. गाडी पळते, गिऱ्हाईक खूश, आणि फोडलेल्या पोळ्यातल्या धातूला भंगारात भाव मिळतो तो मेकॅनिकचा. अर्ध्या तासाचं काम आणि दोन्हीकडून पैसे. आम्ही नाही म्हणायचो आणि गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जायचं. त्या दिवसांत एकेक गिऱ्हाईक महत्त्वाचं होतं. मी एकदा अप्पांना विचारलं, परवडणार आहे का हे आपल्याला? ते म्हणाले, "डबा का भरला ते शोधायचं सोडून डबाच फोडायचा? ताप आला म्हणून थर्मामीटर फोडतात का कुणी?"

याचा अर्थ मला खरा कळला तो २०१८ मध्ये. आपल्याकडचा कुंदा आणि मांडे म्हापशाच्या दुकानांना पोचवणारा एक गृहस्थ आमच्याकडं आला. गाडी पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, पेट्रोलची. घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, चेक इंजिनचा दिवा लागलेला. त्याला एका ठिकाणी आधीच सांगितलं होतं, डबा फोडा आणि मागच्या सेन्सरला एक जुगाड लावा, दिवापण जाईल. तो म्हणाला, "अक्का, तेवढं करून द्या. शनिवारी लग्नाची ऑर्डर आहे."

मी स्कॅनर लावला. दोन कोड आले. एक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा. दुसरा, दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारत असल्याचा. लोक पहिला कोड वाचून थांबतात. मी दोन नंबरचा प्लग काढला, तो पेट्रोलनं ओला. इग्निशन कॉइलला बारीक चीर होती. म्हणजे कितीतरी दिवस त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता तसंच डब्यात जात होतं आणि तिथं जाऊन पेटत होतं. असं झालं की पोळं इतकं तापतं की वितळून भोकं बुजतात.

पण बुजलंय हे सिद्ध कसं करायचं? डबा कापून तर बघता येत नाही. अप्पा तेव्हा ऐंशीचे. खुर्चीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "माझा व्हॅक्यूम गेज काढ." कार्बोरेटरच्या जमान्यातला, काचेला तडा गेलेला. नळी मॅनिफोल्डला लावली. पुस्तकात चांगल्या इंजिनाला आयडलिंगवर १८ ते २० इंच लिहिलेलं असतं. अप्पा म्हणाले, "ते समुद्रावरचं. आपल्याकडं दोन-अडीच कमीच धर." कॉइल बदलून, तिन्ही-चारी सिलिंडर नीट चालताहेत याची खात्री करून मी इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं. काटा आधी वर गेला आणि मग तिथं न थांबता हळूहळू खाली यायला लागला. धुराला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून इंजिनाला आत श्वास घेता येत नाही. डबा बुजला होता. माझ्या स्कॅनरनं कारण सांगितलं आणि त्यांच्या गेजनं परिणाम.

आम्ही त्या गृहस्थाला सगळं समजावलं. कॉइल न बदलता नुसता डबा फोडला असता तर गाडी चार दिवस पळाली असती, पण न जळलेलं पेट्रोल वाया जातच राहिलं असतं, ऑइलमध्ये उतरून इंजिन खाल्लं असतं. त्याला पटलं. नवीन कन्व्हर्टरची किंमत ऐकल्यावर मात्र तो पायरीवरच बसला. "मामा, दोन पोरींची फी भरायची आहे हो." अप्पांनी त्याला पोळं फोडून द्यायला नकार दिला, आणि तो उठून जायच्या आत म्हणाले, "सहा हप्त्यांत दे. दुकानदाराशी मी बोलतो."

शनिवारची ऑर्डर त्यानं भावाच्या गाडीतून पोचवली. आमचं काम सोमवारी झालं. पाच हप्ते वेळेवर आले. सहावा आला तो आमसुलं, सुकट आणि एक मोठा फणस अशा रूपात. आईनं हिशेबाच्या वहीत तो 'पोचला' असा लिहून टाकला.

आता २०२० पासून बीएस सहा आलंय. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलंय. डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, बसवलेला असतो. त्यात साठलेली काजळी ६०० अंशांच्या आसपास तापमानात जाळून टाकावी लागते, आणि गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ते तापमान येतच नाही. मग दिवा लागतो आणि पुन्हा तेच संभाषण, "काढूनच टाका की." यंत्र बदललं, बोलणं तेच.

अप्पा २०२१ मध्ये गेले. त्यांच्याकडून आणि माझ्या वीस वर्षांतून उरलेलं, तुम्हाला उपयोगी पडेल असं थोडं सांगते.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर गाडी तिथंच बाजूला घ्या. तो मिसिंगचा इशारा आहे आणि प्रत्येक किलोमीटरला कन्व्हर्टर जळतोय. बॅटरी बसली तर पेट्रोल गाडी फार वेळ ढकलस्टार्ट करू नका, न जळलेलं पेट्रोल डब्यात जातं, त्यापेक्षा दुसऱ्या बॅटरीची वायर लावा. ऑइल कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका, कुठं जातंय ते शोधा, जळत असेल तर ते डब्यालाही मारतं. एअर फिल्टर आणि प्लग हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे, तोच लोक पुढं ढकलतात. डीपीएफचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं हायवेला एकसारख्या वेगात चालवा, मध्येच बंद करू नका. सकाळी सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडले तर घाबरू नका. आणि बंद गॅरेजमध्ये, शटर लावून, पाच मिनिटंसुद्धा इंजिन चालू ठेवू नका. गाडी नवी असली तरी. थंड इंजिनाचा डबा अजून तापलेला नसतो, तोवर तो काहीच खात नाही.

आमच्या शेडचे पत्रे नवीन झाले. पाइपाचं भोक मात्र नव्या पत्र्यालाही पाडून घेतलं. सध्या आयटीआयच्या दोन मुली माझ्याकडं शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवशी स्कॅनर देत नाही, पाइप लावायला शिकवते.

इंदूर, वडोदरा, ग्वाल्हेर, हैदराबादची मंडळी असतील त्यांनी जरूर लिहा. तुमच्याकडं प्लगचा रंग बघून गाडीचं भविष्य सांगणारं कोण होतं? आणि गोवेकरांनो, चोर्ल्यातून वर येताना गाडीला दम लागला तर खानापूर रोडला चहा आमच्याकडून.